एबोनाइट 'वितळवून' जोडणारा

बाबांचं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, शाईचं पेन माझ्याच हातून गेलं. शाई भरून सेक्शन (निबामागचा, बोटांत धरायचा भाग) घट्ट करत होतो, जोर जरा जास्त लागला आणि कट् असा आवाज आला. सेक्शन मुळाशी तुटलं, आट्यांचा तुकडा नळीतच राहिला.

ऑनलाइन एक दुरुस्तीवाला सापडला. बोलायला गोड. "वितळवून सांधतो, जोड शोधून दाखवा!" वर व्हिडिओ पाठवला. तडकलेल्या टोपणाला ब्रशने काहीतरी लावलं, दाबून धरलं, एकजीव. मी भाळलो, सगळे पैसे आगाऊ दिले.

पेन परत आलं ते काळंकुळकुळीत. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. ऊन-पाणी लागून जुनं एबोनाइट तपकिरी पडतं आणि बाबांचं पेन तर केव्हाच चहाच्या रंगाचं झालं होतं. उघडताना चर्र वाजलं. म्हटलं, नवा सांधा आहे.

तिसऱ्या दिवशी अंगठा निळा. धुवायला घेतलं तर काळ्या रंगाचे पापुद्रे सुटू लागले. भिंगातून पाहिलं, चिरेत पांढुरकी साय. सुपरग्लू, आणि वरून रंगाचा हात.

त्याला फोटो पाठवले. "तुम्हीच पुन्हा पाडलं असणार." त्यानंतर फोन उचलला नाही.

मग लेथवर पेनं बनवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने सेक्शन अंगठ्याने खसाखसा घासून माझ्या नाकाशी धरलं. गंधकाचा वास! एबोनाइट म्हणजे रबरात तीसेक टक्के गंधक घालून शिजवलेला पदार्थ. एकदा शिजला की तो वितळत नाही; तापवला तर मऊ पडतो, आणखी तापवला तर जळतो. अ‍ॅसिटोनमध्येही विरघळत नाही. सेल्युलॉइड, पेनांसाठी वापरतात ते एक प्लास्टिक, मात्र विरघळतं आणि छान सांधतं. व्हिडिओतलं टोपण त्याचंच असणार, असं तो म्हणाला. म्हणजे व्हिडिओ खरा, पदार्थ दुसरा. या सफाईला मात्र मानलं!

"वितळवून जोडतो" असं एबोनाइटबद्दल कुणी म्हणालं, तर पेन परत खिशात घाला. आट्यांवर दर वेळी पीळ बसतो, तिथे नुसता गोंद टिकत नाही. एबोनाइटच्या कांडीतून नवं सेक्शन कातून घ्यावं लागतं.

तुटल्या तुटल्या आणलं असतं तर तेवढ्यावरच भागलं असतं, म्हणाला. आता गोंद नळीच्या आतल्या आट्यांतही उतरलाय, तेही पुन्हा पाडावे लागणार.