लाइव्ह लोकेशन, रिक्षावाले मामा आणि ‘पोचलो’

आमचा पाच जणींचा ग्रुप आहे. महिन्यातनं एकदा, बहुतेक शनिवारी, राजारामपुरीत जेवायला जमतो. तांबडा-पांढरा होतो, मग गप्पा, मग कुणाचं तरी घड्याळाकडं लक्ष जातं आणि बारा वाजून गेलेले असतात. चौघी तिथंच आसपास राहतात. मी एकटी फुलेवाडी नाक्याच्या पुढं. त्यामुळं ‘हिला घरी कसं पाठवायचं’ हा विषय दर वेळी निघतो. वर्षभर सगळे उपाय करून बघितले, त्याचा हा हिशेब.

आधी लाइव्ह लोकेशन. मेसेजच्या अॅपमध्ये ते पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास असं लावता येतं. पंधरा मिनिटं अजिबात लावू नका. तेवढ्यात रिक्षा रंकाळा टॉवरच्या आसपास येते आणि माझ्या रस्त्यावरची वर्दळ नेमकी तिथनं पुढं कमी होते. ज्या रस्त्यासाठी नकाशावरचा माझा ठिपका हवा, त्याच्या तोंडाशीच तो विझतो. एक तास लावायचा आणि घरात शिरल्यावर आठवणीनं बंद करायचा. आठ तास लावून झोपलं की सकाळी दूध आणायला गेलेलंपण सगळ्यांना दिसतं.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. ठिपका दिसतोय म्हणजे तो आत्ताचाच असतो असं नाही. माझ्या फोनला बॅटरी वाचवायची भारी हौस. वीस टक्क्यांच्या खाली आला की मागं चालू असलेलं सगळं गपगार करतो. एकदा माझा ठिपका गंगावेशीत, जिथं कट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध मिळतं तिथं, दहा मिनिटं उभा होता आणि इकडं मी कधीच जावळाच्या गणपतीपुढं गेलेली. ग्रुपवर मेसेज, ‘कट्ट्यावर दूध पित बसलीस काय एकटी?’ साडेबाराला कुठला कट्टा आणि कुठली म्हैस! तर ठिपक्याच्या खाली तो किती वेळापूर्वीचा आहे ते लिहिलेलं असतं, बघणाऱ्यानं ते वाचायचं. आणि निघताना फोन निदान निम्मा चार्ज पाहिजे.

त्याहून मोठी गंमत म्हणजे लोकेशन ग्रुपवर टाकलं की ते कुणीच बघत नाही. प्रत्येकीला वाटतं दुसरी बघतेय. एका शनिवारी मी घरी पोचून, तोंड धुऊन, गादीवर पडून वाट बघितली. चौघी ढाराढूर. आता आम्ही पाळी लावलीय. ज्या मुलीची पाळी, तिनं ‘पोचलो’ येईपर्यंत झोपायचं नाही. लोकेशन फक्त तिलाच.

आता रिक्षा. कोल्हापूरच्या रिक्षांचं कौतुक बाहेरच्यांना सांगून पटत नाही. इथं रिक्षांची सौंदर्य स्पर्धा भरते. आमचे रिक्षावाले मामा स्पर्धेत उतरतात की नाही विचारलं नाही, पण रिक्षा त्याच थाटाची. आत अंबाबाईचा फोटो, निळे दिवे, आरसे किती ते मोजले नाहीत, मागं ‘आईचा आशीर्वाद’. सुरक्षेच्या दृष्टीनं बघाल तर याच्याएवढी सोय नाही. ही रिक्षा अख्ख्या शहरात लपवून लपायची नाही.

पहिल्यांदा बसताना मी एमएच ०९ चा फोटो काढला तेव्हा जरा अवघडल्यासारखं झालं होतं. समोरच्या माणसावर संशय घेतल्यासारखं. मामा वळून म्हणाले, “पुसट आला असंल तर परत काढा ताई, माझीबी पोरगी पुण्यात आहे.” तेव्हापासून फोटो काढताना लाज वाटत नाही. ज्याला राग येतो त्याच्या रिक्षात बसत नाही, एवढं सोपं आहे. घरापाशी आलं की मामा रिक्षा बंद करत नाहीत आणि निघतही नाहीत. “आत जावा, दिवा लागला की मी जातो.” यासाठी मी मीटरपेक्षा वरचे पैसे न मागता देते.

तक्रार आहेच. मामांचा फोन कधी लागतो, कधी नाही. नवरात्रात तर ते सापडतच नाहीत. अशा वेळी स्टँडवरची दुसरी रिक्षा, आणि रिक्षावाल्याला ऐकू जाईल असा आईला फोन: “मिरजकर तिकटी गेली, दार उघडून ठेव.” आई खरंच उठते, हा तिच्यावर अन्याय आहे.

पुण्यात मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले तेव्हा अॅपवरच्या गाडीचा अनुभव घेतला. कोरेगाव पार्क ते कोथरूड, रात्री एक. गाडीचा नंबर जुळवला, आकडी कोड सांगितला, प्रवासाची लिंक मैत्रिणीला पाठवली. सगळं व्यवस्थित. थोडं पुढं गेल्यावर चालक म्हणतो, “मॅडम, बुकिंग कॅन्सल करा, कॅश द्या, तेवढ्याच पैशात सोडतो.” पैसे तेवढेच असतील हो, पण बुकिंग रद्द झालं की लिंकपण मेली. तिथनं पुढं गाडी कुठं गेली ते मैत्रिणीला दिसत नाही. नाही म्हटलं. उरलेला रस्ता तो तोंड फुगवून बसला. बसू दे.

खरा गोंधळ पुढं झाला. मी हातपाय धुवायला गेले आणि पुण्याच्या मैत्रिणीनं माझ्या फोनवरनं आमच्या ग्रुपला भाबडेपणानं कळवलं, ‘पोचले’. आता, आम्ही कोल्हापूरच्या पोरी ‘मी आलो, मी जातो’च म्हणतो. शाळेत बाईंनी मार्क कापले म्हणून लिहिताना ‘गेले’ लिहिते, पण ग्रुपवर मी जन्मात ‘पोचले’ म्हटलेलं नाही. बाहेर आले तर अकरा मिस्ड कॉल. एकीनं तर ११२ लावायची तयारी केलेली. तेव्हापासून आमचा नियमच झाला, ‘पोचलो’ म्हणजे सुखरूप, ‘पोचले’ म्हणजे फोन माझ्या हातात नाही किंवा काहीतरी गडबड आहे.

११२ वरनं आठवलं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आपत्कालीन कॉल कसा लागतो ते एकदा घरी बसून बघून ठेवा. काही फोनमध्ये पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबायचं असतं, काहींत पाचदा. आईच्या साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. दाबून बघू नका, वाचा फक्त. खरंच लागतो.

गुण द्यायचेच तर लाइव्ह लोकेशनला पाचपैकी तीन, पाळीच्या मुलीला चार (एकदा तीही झोपली), मामांना पावणेपाच, पाव फोन न उचलल्याबद्दल. ‘पोचलो’ला पाच दिले असते, पण हे सगळं इथं लिहून टाकल्यामुळं आता नवीन शब्द शोधावा लागणार. ग्रुपवर वाद चालू आहे. या शनिवारचं मामांना साडेबाराचं सांगून ठेवलंय.