पावसाळ्यात दारात उभी गाडी : फुल पॉलिसी, थर्ड पार्टी, की गणपतीला बघू?

मे संपत आला की चिपळूण-खेडकडे हा प्रश्न हमखास कानावर येतो. गाडीच्या विम्याची पॉलिसी जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतेय, पाऊस लागल्यावर गाडी दारात उभीच राहणार, मग आत्ताच पैसे कशाला भरायचे? चाकरमानी गणपतीला आले की काढू. हिशेब सरळ वाटतो, पण तो चुकतो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांची गाडी दारातच होती. पॉलिसी संपून बारा दिवस झाले होते. "पण नव्वद दिवसांची सवलत असते ना?" असं ते विचारत राहिले. ती सवलत फक्त नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, टिकवण्यासाठी असते. मुदत संपली त्या मध्यरात्रीपासून नुकसानीला संरक्षण नाही. गाडी चिखलासकट गॅरेजला गेली आणि सगळा खर्च त्यांच्या अंगावर पडला. हा गैरसमज मी अजूनही दर पावसाळ्यात ऐकतो, म्हणून एवढं लिहितोय.

आता बोनसचं बघा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते. म्हणजे १०,००० रुपयांच्या जागी ५,०००. पॉलिसी ५ जूनला संपली आणि सप्टेंबरच्या मध्यावर गणपतीला गाडी काढताना विमा घेतला, तर नव्वद दिवस उलटून गेलेले असतात. बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा पहिल्या वर्षाच्या २० टक्क्यांपासून सुरुवात करावी लागते. वर खंड पडल्यामुळे आधी गाडीची तपासणी. तीन महिन्यांत जे वाचवलं त्याहून जास्त तिथेच जातं.

नुसती थर्ड पार्टी स्वस्त पडते. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला जून २०२२ च्या दराने ३,४१६ रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. कायदा एवढंच मागतो. विमा नसताना रस्त्यावर सापडलात तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण थर्ड पार्टी भरपाई देते ती समोरच्याची. पूर, वादळ, दरड, टपावर पडलेला नारळ, यातलं काहीही त्यात येत नाही. गाडी पंधरा वर्षांची असेल, बाजारात तिला फारशी किंमत नसेल आणि घर उंचावर असेल, तर मीही थर्ड पार्टीच घेईन.

बाकीच्यांनी, विशेषतः नदी-खाडीच्या काठावर राहणाऱ्यांनी, फुल पॉलिसी, म्हणजे समोरच्याचं आणि आपल्या गाडीचं दोन्ही नुकसान भरणारी, वेळेत नव्याने काढावी आणि इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने बिघडलेल्या इंजिनसाठीचं जादा संरक्षण) जोडून घ्यावं. साध्या फुल पॉलिसीत पुराचं नुकसान मिळतं, पण पाण्यात बुडालेली गाडी सुरू करायला गेल्यामुळे इंजिन बसलं तर कंपनी सहसा ते नाकारते. गाडी बुडाली असेल तर चावी फिरवू नका, ढकलून किंवा टो करून न्या.

पैसे कसे भरता यानेही फरक पडतो. एजंटला दिलेला चेक वटला नाही तर हातात कागद असूनही संरक्षण टिकत नाही, कारण हप्ता मिळाल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. पाऊस लागला की बँकेत चकरा मारणंही होत नाही. यूपीआयने भरून पावती आणि नवी पॉलिसी दोन्ही त्याच दिवशी मागून घ्या, आणि नवी तारीख जुनीला लागूनच सुरू होते का ते बघा.

एक राहिलंच. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी, गाडीने गणपतीपुळ्याला किंवा तारकर्लीला भाड्याने पाहुणे नेत असाल, तर वेळेत भरलेली फुल पॉलिसीही क्लेमच्या वेळी हात वर करते. त्या गाडीला आधी टॅक्सी परमिट आणि व्यावसायिक विमा लागतो.