देनालीची हिरवी बस: गाडीबंदीच्या बदल्यात काय मिळते?

अलास्कातील देनाली राष्ट्रीय उद्यानात आत जाणारा रस्ता एकच आहे. त्याची लांबी ९२ मैल, म्हणजे सुमारे १४८ किलोमीटर. पहिले १५ मैल डांबरी आणि पुढे सगळी खडी. उन्हाळ्यात स्वतःची गाडी घेऊन सॅव्हेज नदीपर्यंत जाता येते. तिथे डांबर संपते आणि खासगी गाडीचा हक्कही संपतो. त्यापुढे पायी जावे, सायकलवर जावे, नाही तर उद्यानाच्या बसने जावे. हे परीक्षण त्या बससेवेचे आहे. मात्र आसने कशी, खिडक्या कशा आणि वेळापत्रक कसे एवढेच पाहून ते पूर्ण होणार नाही, कारण ही बस एका बंदीच्या पोटी जन्मली आहे. राखीव वन्यक्षेत्रात गाड्यांना मज्जाव असावा का, असल्यास कुणाच्या सोयीसाठी आणि कुणाच्या गैरसोयीने, या वादात तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटतात. गाडी काढून घेतल्यावर माणसाच्या हातात नेमके काय ठेवले, हे तपासणारे थोडे. देनालीत ते तपासता येते.

हा रस्ता १९२३ ते १९३८ या काळात बांधला गेला, तेव्हा इथे येणारा माणूस रेल्वेने येई. मोटार घेऊन सहज पोहोचण्याची सोय पुढे झाली, आणि १९७१ मध्ये अँकरेज व फेअरबँक्स यांना जोडणारा पार्क्स महामार्ग पूर्ण झाल्यावर तर उद्यानाचे दार थेट महामार्गालाच लागले. गर्दी वाढणार हे उघड होते. प्रशासनाने गर्दी होण्याची वाट न पाहता १९७२ मध्येच आतल्या रस्त्यावरची खासगी वाहतूक रोखली आणि बस सुरू केली. त्याच वर्षी पर्यटकांची संख्या जवळपास दुप्पट झाली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. यूटामधील झायन उद्यानात दरीतली शटल बस २००० साली आली, ती वाहनांची कोंडी आणि रस्त्याकडेला वाटेल तिथे उभ्या केलेल्या गाड्या यांना कंटाळून. जिथे लोकांना गाडी नेण्याची सवय लागलेली असते, तिथे बंदी म्हणजे हिरावून घेणे ठरते. देनालीत त्या सवयीला फारसा वावच मिळाला नाही, म्हणून इथे विरोधाची धारही तुलनेने बोथट राहिली.

बस दोन प्रकारच्या आहेत आणि त्यांतला फरक तिकीट काढण्याआधी समजून घेणे अगत्याचे आहे. फिकट तपकिरी बस सहलीची: तीत मार्गदर्शकाचे निवेदन असते, तिकीट कितीतरी महाग असते आणि ज्या बसमध्ये बसलात तिच्यातूनच परतावे लागते. हिरवी बस साधी प्रवासी बस आहे. तिच्या तिकिटात निवेदनाचा समावेश नाही, तरी बहुतेक चालक ओघात बरेच काही सांगतात. पंधरा वर्षे आणि त्याखालील मुलांना हिरव्या बसचे तिकीट पडत नाही. बांधणी शाळेच्या बससारखी, आसने ताठ, स्वच्छतागृह फक्त वाटेतल्या थांब्यांवर, आणि खाण्यापिण्याचे सगळे आपले आपण बांधून न्यायचे. आरामाच्या निकषावर या बसला चांगले गुण देता येणार नाहीत. पाच तासांच्या फेरीत खडीच्या रस्त्याची प्रत्येक खाचखळगी पाठीला कळते.

परंतु सेवेचा खरा कस लागतो तो थांबण्यात. कुणाला प्राणी दिसला की त्याने मोठ्याने सांगायचे, अशी सूचना बस निघतानाच मिळते. मग मागच्या बाकावरून हाक येते, चालक बस थांबवून इंजिन बंद करतो, आणि क्षणभरापूर्वी गप्पांनी भरलेली बस कुजबुजीवर येते. खिडकीची काच अर्ध्यापर्यंत खाली सरकते. हात, कॅमेरा, काहीच बाहेर काढायचे नाही. उतारावर पांढरे ठिपके दिसतात, ते बराच वेळ दगडच वाटतात आणि त्यांतला एक चालू लागला की डॉल मेंढ्या असल्याचे उमगते. ग्रिझली अस्वल तर बसकडे ढुंकूनही न पाहता रस्त्याच्या कडेने बोरे खात राहते. अनेक पिढ्यांच्या जनावरांनी या रस्त्यावर ठरावीक आकाराची, ठरावीक वागण्याची वाहनेच बहुतांशी पाहिली आहेत. ज्यांतून माणूस खाली उडी मारून जवळ धावत येत नाही, अशी. बंदीचे समर्थन करताना लोक धूर आणि आवाज यांचे दाखले देतात, ते बरोबरच आहेत, पण वाहनाच्या वागण्याचा अंदाज बांधता येणे हा लाभ माझ्या मते त्याहून मोठा आहे.

हिरव्या बसची दुसरी खासियत म्हणजे उतरण्याची मुभा. आसपास प्राणी नसेल आणि तो पट्टा बंद केलेला नसेल, तर सांगाल तिथे चालक उतरवून देतो. आखलेली पायवाट बहुतेक ठिकाणी नाहीच. टुंड्रात हवे तिकडे चालावे, पुन्हा रस्त्याला यावे आणि येणाऱ्या हिरव्या बसला हात करावा. जागा असेल तर ती घेते, नसेल तर पुढचीची वाट पाहायची, आणि ही वाट कधी कधी तासाभराची होते. आपली गाडी असती तर परतण्यासाठी ती जिथे उभी केली तिथेच यावे लागले असते. इथे एका ठिकाणी उतरून मैलोन्मैल पुढे दुसऱ्याच ठिकाणी रस्त्याला लागता येते. ‘गाडी नाही म्हणजे स्वातंत्र्य नाही’ असा युक्तिवाद करणाऱ्यांनी हा एक मुद्दा तरी जमेस धरावा.

याच रस्त्यावर सेबल खिंडीचा पट्टा येतो आणि तिथे नियम उलटा होतो. बस जाते, पण रस्ता सोडून पायी आत शिरायला मनाई आहे, कारण तो भाग अस्वलांच्या वावराचा आहे. पायी चालणारा निरुपद्रवी आणि चाकावरचा उपद्रवी, अशी सोपी विभागणी करून बोलणाऱ्या दोन्ही पक्षांची इथे पंचाईत होते.

आता आकड्यांकडे वळू. १९८६ च्या व्यवस्थापन आराखड्याने या रस्त्यावर एका हंगामात १०,५१२ वाहनफेऱ्यांची मर्यादा घातली होती. २०१२ च्या आराखड्याने तिच्या जागी दिवसाला जास्तीत जास्त १६० वाहने हे सूत्र आणले आणि त्यात बसबरोबर उद्यानाच्या कामाची वाहने व आतल्या निवासांची वाहनेही धरली. या आराखड्यातली मला सर्वांत आवडलेली अट मात्र वेगळीच आहे. डॉल मेंढ्या जिथे रस्ता ओलांडतात, तिथे दर तासाला निदान दहा मिनिटे एकही वाहन जाऊ नये, असे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. एकूण वाहने किती, एवढ्याने मेंढीचा प्रश्न सुटत नाही. दोन वाहनांमधल्या फटीत तिला पलीकडे जाता येते का, हा तिचा प्रश्न असतो. वेळापत्रक आखताना प्रवाशांसोबत मेंढ्यांचीही सोय पाहणारी बससेवा माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

ही बंदी कायद्याच्या कोणत्या चौकटीत बसते, हेही पाहायला हवे, कारण इथे बराच गोंधळ होतो. अमेरिकेचा वाइल्डरनेस (राखीव वन्यक्षेत्र) कायदा ३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने झाला. सुरुवातीला ९१ लाख एकर क्षेत्र त्याखाली होते, आज ते ११ कोटी एकरांच्या वर आहे आणि त्यातले निम्म्याहून अधिक एकट्या अलास्कात आहे. या क्षेत्रांत कायमचे रस्ते, मोटारी, मोटारबोटी, विमाने उतरवणे आणि ‘यांत्रिक वाहतुकीचा कोणताही अन्य प्रकार’ यांना मनाई आहे. देनालीतही सुमारे २० लाख एकर क्षेत्राला १९८० साली हा दर्जा मिळाला, पण रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा अरुंद पट्टा त्यातून वगळलेला आहे. म्हणजे बस वाइल्डरनेसमधून धावत नाही, तर वाइल्डरनेसच्या मधोमध राखलेल्या एका फितीवरून धावते. सायकल या फितीवर चालते. फितीबाहेर टुंड्रात ती चालत नाही.

सायकलीचा वाद त्या ‘यांत्रिक’ शब्दातूनच उभा राहिला. वनखात्याने १९८४ मध्ये सायकलबंदी निःसंदिग्ध केली. २०१६ मध्ये माइक ली आणि ऑरिन हॅच या सिनेटरांनी, सायकलींचा निर्णय स्थानिक अधिकाऱ्यांवर सोपवावा असे विधेयक मांडले, ते पुढे सरकले नाही. पुढच्या वर्षी प्रतिनिधिगृहात तशाच स्वरूपाचे विधेयक आले, तेव्हा माउंटन बाइकस्वारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेच मूळ कायद्याला हात लावण्यास पाठिंबा नाकारला. व्हीलचेअरबद्दल मात्र १९९० च्या अपंग हक्क कायद्याने स्पष्ट सांगितले की वाइल्डरनेसमध्ये ती वापरता येते, फक्त तिच्यासाठी वाटा बांधून देण्याचे बंधन प्रशासनावर नाही. अलास्कात तर तिथल्या सार्वजनिक जमिनींविषयीच्या १९८० च्या कायद्यानेच पारंपरिक कामांसाठी हिमवाहने, मोटारबोटी आणि विमाने यांना सवलत दिली आहे, तरीही देनालीच्या जुन्या गाभ्यातून हिमवाहने २००० साली नियमाने बाहेर काढण्यात आली. या सवलतींच्या सीमा इतक्या नाजूक आहेत, की मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीला निघालेल्या एका माणसाची हॉवरक्राफ्ट (हवेच्या गादीवर तरंगत जाणारी गाडी) २००७ मध्ये दुसऱ्या एका राखीव क्षेत्रातील नदीवर अडवली गेली आणि तो खटला सर्वोच्च न्यायालयात दोनदा जाऊन २०१९ मध्ये एकमताने शिकाऱ्याच्या बाजूने सुटला. नदीचे पात्र १९८० च्या त्या कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक जमीन ठरत नाही, त्यामुळे उद्यान खात्याचा हॉवरक्राफ्टबंदीचा नियम तिथे लागू होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. सरसकट बंदी कागदावर जितकी सरळ दिसते तितकी ती अमलात कुठेच नसते.

देनालीतही नाही, आणि इथे माझ्या तक्रारी सुरू होतात. सप्टेंबरच्या मध्यावर बसचा हंगाम आटोपला की सोडतीत निवड झालेल्यांना स्वतःच्या गाड्या आत नेऊ देण्याची प्रथा आहे: चार दिवस, दिवसाला ४०० पर्यंत गाड्या. उन्हाळाभर १६० च्या मर्यादेसाठी मिनिटे मोजायची आणि नंतर एका दिवसात तिच्या अडीच पट गाड्या सोडायच्या, याची संगती लावणे मला जमत नाही. ‘लोकांना आपला रस्ता वर्षातून एकदा तरी आपल्या हाताने चालवता यावा’ हे समर्थन भावनेच्या पातळीवर समजते, पण ज्या फटींमधून मेंढ्यांनी रस्ता ओलांडायचा त्या फटींचे त्या दिवसांत काय होते, याचे उत्तर त्यात नाही. टेकलानिका तळाची सवलत मला याउलट न्याय्य वाटते: किमान तीन रात्री मुक्काम करणाऱ्याला आपली गाडी तिथवर नेता येते, मात्र नेल्यावर ती जागची हलवायची नाही. प्रवेश दिला, वर्दळ वाढू दिली नाही.

दुसरी तक्रार महागड्या आणि स्वस्त बसच्या विभागणीची. प्रवाशाला टुंड्रात पाय ठेवण्याची मोकळीक देणारी सेवा स्वस्त आहे आणि त्याला फेरीभर बसमध्ये बांधून ठेवणारी महाग आहे; गटाने येणाऱ्या कित्येक पर्यटकांना हिरव्या बसचा पर्याय आहे हे ठाऊकही नसते. निवेदन उत्तम असते हे मान्य, पण गाडीबंदीचा मोबदला म्हणून जे स्वातंत्र्य मिळायला हवे, ते तपकिरी बसमध्ये मिळत नाही. व्हीलचेअर चढवण्याची सोय असलेल्या बस आहेत, परंतु त्यासाठी आरक्षण करतानाच कळवावे लागते. परिणामी, जिथे वाटेल तिथे उतरा आणि येईल त्या बसमध्ये चढा, ही या सेवेची सर्वांत मोलाची देणगी चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशाला पुरती मिळत नाही. प्रवेशाच्या नियमांवर वाद घालायचा तर तो या मुद्द्यावर घालावा, सायकलीवर नव्हे, असे माझे मत आहे.

तिसरी गोष्ट ही तक्रार नसून वस्तुस्थिती आहे. रस्त्याच्या मध्यावर, ४५ व्या मैलाच्या थोडे पुढे, प्रेटी रॉक्स येथे जमिनीखालचे बर्फ वितळून डोंगरउतार सरकतो आहे. २०१४ पूर्वी वर्षाला काही इंच असलेला हा वेग २०२१ मध्ये ताशी अर्ध्या इंचाहून अधिक झाला आणि त्या ऑगस्टमध्ये पुढचा रस्ता बंद करावा लागला. तेव्हापासून बस ४३ व्या मैलापर्यंत, ईस्ट फोर्क नदीपर्यंत जाऊन परतू लागल्या. घसरणीवरून पूल बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. आयल्सन केंद्र आणि वंडर लेक हे रस्त्यावरचे नामांकित टप्पे घसरणीच्या पलीकडे आहेत, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून बेत आखू नये. बस कुठपर्यंत जाते हे उद्यानाच्या संकेतस्थळावर तपासूनच तिकीट काढावे. फेरी आखूड झाली म्हणून सेवेचे मोल फारसे घटत नाही. प्राणी दिसण्याची संधी अलीकडच्या टप्प्यातही भरपूर आहे आणि ईस्ट फोर्कला उतरून नदीच्या पात्रालगत चालत जाता येते.

एकंदरीत मी हिरव्या बसला पाचापैकी चार गुण देतो. एक गुण वर सांगितलेल्या तक्रारींचा कापला आहे. तिकीट सकाळच्या फेरीचे काढावे, म्हणजे वाटेत उतरून परतीची बस गाठायला दिवस हाताशी राहतो. लहान मूल सोबत असेल तर त्याचे गाडीतले आसन बरोबर न्यावे, कारण अलास्कातला तो नियम बसलाही लागू आहे. ज्यांना एवढा खर्चही नको असेल त्यांच्यासाठी सॅव्हेज नदीपर्यंतची शटल पूर्णतः मोफत आहे, फक्त उद्यानाचे प्रवेशशुल्क वेगळे भरावे लागते.