खिडक्या सुट्या हव्यात: दस्त टाइप करणाऱ्या टेबलावरून लिनक्स मिंट

कराडला कोर्टाजवळच्या गाळ्यात मी दस्त टाइप करते. खरेदीखत, हक्कसोडपत्र, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, जे समोर येईल ते. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि माझा चार जीबीचा जुना संगणक विंडोज ११ च्या अटींत बसेना. भाच्याने आधी लिनक्सचा (विंडोजच्या जागी चालणाऱ्या प्रणालीचा) एक प्रकार घालून दिला. त्या प्रकाराचं नाव इथे नको, पण तिथे काय झालं ते सांगायलाच हवं, कारण मिंट हा लिनक्सचा दुसरा प्रकार मला का पटला ते त्यातच आहे.

तिथे उघडलेली सगळी कागदपत्रं खाली एकाच चिन्हात गोळा व्हायची. दिसायला नीटनेटकं होतं. पण माझ्यासमोर एका वेळी चार दस्त उघडे असतात. एका दुपारी एकाच गावातल्या, शेजारशेजारच्या गटांची दोन खरेदीखतं चालू होती. चिन्हावर क्लिक करून मी भलतंच कागदपत्र वर आणलं आणि एकाची चतुःसीमा दुसऱ्यात उतरली. कच्च्या प्रतीवर बोट ठेवून वाचणारे आजोबा थांबले. "ताई, आमच्या पूर्वेला ओढा न्हाई, रस्ता हाय." तसाच दस्त नोंदला गेला असता तर चूकदुरुस्तीचा दस्त, पुन्हा सगळ्यांच्या सह्या, पुन्हा हेलपाटे. त्या रात्री भाचा तासभर सेटिंग धुंडाळत होता. शेवटी म्हणाला, "मावशी, इथे त्यांनी असंच ठरवलंय." ते वाक्य मला फार लागलं. माझ्या टेबलावर काय कुठे ठेवायचं ते दुसऱ्या कोणी का ठरवावं?

मग मिंट २२ घातलं, सिनॅमन डेस्कटॉपचं (डेस्कटॉप म्हणजे पडद्यावरच्या पट्टीची, खिडक्यांची मांडणी). पहिल्यांदा चालू केल्यावर स्वागताची खिडकी येते आणि तीच विचारते, खालची पट्टी नव्या पद्धतीची हवी की जुन्या? नव्या पद्धतीत खिडक्या एका चिन्हाखाली जातात, जुन्या पद्धतीत प्रत्येक खिडकी आपल्या नावानिशी पट्टीवर दिसते. मी जुनी निवडली. आता खाली वाचता येतं: "खरेदीखत गट ११२", "हक्कसोड पाटील". एवढ्यासाठीसुद्धा मी या सॉफ्टवेअरला पूर्ण गुण देईन.

दुसरी गोष्ट कीबोर्डची. मी इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या सरकारी कीबोर्ड-मांडणीवर, टाइप करते. मांडण्यांच्या यादीत मराठी स्वतंत्र आहे, हिंदीच्या पोटात कोंबलेली नाही. 'दुसऱ्या' लिहिताना शिफ्ट-जे, मग डी, मग य, बोटं जुन्या सवयीनेच चालतात. भाषा बदलायची कळ मी कॅप्स लॉकवर ठेवली, कारण ती कळ नाहीतर नुसती पडून असते. प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी ठेवण्याचीही सोय आहे. मुळात ती बंद असते, मी चालू केली. दस्तात मराठी, ब्राउझरमध्ये इंग्रजी, मध्ये काही बदलावं लागत नाही. दिवसाला किती वेळा हात वाचतो ते टाइप करणारालाच कळेल.

भाच्याकडून थोडा इतिहास कळला. २०११ साली ग्नोम ३ (लिनक्सवरचा एक डेस्कटॉप) आलं तेव्हा मूळ मांडणीतून खिडकी लहान-मोठी करायची बटणं काढली होती. ज्यांना जुनं हवं होतं त्यांनी ग्नोम २ पुढे चालवून माटे हा डेस्कटॉप उभा केला आणि मिंटवाल्यांनी स्वतःचं सिनॅमन बनवलं. ग्नोमची बाजू मला समजते. प्रत्येक पर्याय म्हणजे तपासायचं एक काम वाढलं, चुकीला एक जागा वाढली. मीही नवशिक्या मुलीला दस्ताचा एकच नमुना देते. पण तो नमुना बदलू नको असं तिला कधी सांगत नाही.

मिंटही स्वतः बऱ्याच गोष्टी ठरवून देतं, हे मुद्दाम सांगते. ज्या उबुंटू लिनक्सवर मिंट उभं आहे त्याच्या स्नॅप पॅकेजांची (प्रोग्रॅम घालायच्या एका तऱ्हेची) वाट त्यांनी २०२० पासून मुळातच बंद ठेवली आहे. त्यांचं म्हणणं असं की एक प्रोग्रॅम मागितला की मागच्या दाराने स्नॅपही यायचं, वापरणाऱ्याला न विचारता. पण ही बंदी एका छोट्या फाइलीत आहे, ती का घातली ते त्या फाइलीतच लिहिलंय, आणि फाइल काढली की वाट मोकळी होते. मिंट २२ मध्ये खातरजमा न झालेली फ्लॅटपॅकही (प्रोग्रॅमची आणखी एका तऱ्हेची पॅकेजं) मुळात लपवलेली असतात. दाखवायची असतील तर सेटिंगमध्ये खूण करा, धोका काय आहे तो तिथेच वाचा. मला हे मान्य आहे. दार लावा, पण कडी आतून असू द्या.

उणीव एका जागी जाणवते, आणि ती लिनक्सवर सर्रास आहे. फॉन्टच्या खिडकीत देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट निवडता येत नाही. त्यामुळे मराठी मजकुरात बऱ्याचदा हिंदी वळणाचा ल आणि श येतो. लोकांना वाटतं, चालतंय की. मला नाही चालत. माझ्या पक्षकारांच्या नावात 'शालन' असते, 'लक्ष्मीबाई' असते, आणि ती नावं त्यांना शाळेत गिरवलेल्या वळणातच दिसायला हवीत. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फॉन्ट उतरवला, भाच्याने फॉन्टकॉन्फिगची (कुठे कोणता फॉन्ट लागेल ते ठरवणाऱ्या व्यवस्थेची) एक फाइल लिहून देवनागरीसाठी तो पहिला लावला, तेव्हा जमलं. पर्याय आहे, पण हाताशी नाही, आणि भाचा प्रत्येकीला नसतो.

घालण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे संगणकात न घालताच, चालवून प्रिंटर तपासून घ्या, आमच्या धंद्यात तो अडला की दिवस गेला. २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत. फॉन्टची ती फाइल कोणा टाइप करणाऱ्याला हवी असेल तर दुपारी चारनंतर, कोर्टाची गर्दी ओसरली की, पेन ड्राइव्ह घेऊन या.