सेपांगला मोटोजीपी बघून आलो, शुक्रवार सोडू नका

२०२४ च्या दिवाळीत मलेशियाला जाऊन सेपांग सर्किटवरची मोटोजीपी, म्हणजे बाईक रेसिंगच्या जगातल्या सगळ्यात वरच्या चॅम्पियनशिपची रेस, बघून आलो, तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं सारखी विचारतात की तिकीट कसलं काढलंस, पॅकेज घेतलंस काय, भाषेचं काय केलंस, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आधी उत्तर देतो, मग बाकीचं. जावा, नक्की जावा, स्वतःच बुकिंग करून जावा, आणि शुक्रवारी सकाळी सर्किटवर असाल असं बघून जावा.

शुक्रवारचं एवढं का सांगतोय तर, मी आधी बेंगळूरच्या एका टूरवाल्याकडं चौकशी केली होती, त्याच्या पॅकेजमध्ये शुक्रवारी क्वालालंपूर सिटी टूर, टॉवर, मॉल, शॉपिंग आणि शनिवार-रविवार फक्त रेस. शुक्रवारी नुसती प्रॅक्टिस असते सर, त्यात बघण्यासारखं काय नसतं, असं त्यानं मला सांगितलं. हे साफ चुकीचं आहे. रेस टीव्हीवर दिसते, चांगली दिसते, सगळे कॅमेरे त्यांच्याकडं असतात. शुक्रवार टीव्हीवर कधीच कळत नाही.

मी बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो, दिवसभर कानात लेथ आणि सीएनसीचाच आवाज, त्यामुळं मला बाईक आधी ऐकायची असते. शुक्रवारी गर्दी कमी, बसायला जागाच जागा, आणि एकेक बाईक सुटी सुटी जाते. डुकाटी, केटीएम, अप्रिलिया, होंडा सगळ्यांची व्ही-फोर इंजिनं (चार सिलिंडर इंग्रजी व्हीच्या आकारात), आणि यामाहाचं एकट्याचं इनलाईन फोर, चारही एका ओळीत (२०२४ चं सांगतोय), तर अर्ध्या तासात डोळे मिटून सांगता यायला लागलं की आत्ता क्वार्टारारो या रायडरची यामाहा गेली. रविवारी वीस-बावीस बाईका एकदम आल्या की हे काही ऐकू येत नाही, नुसता कल्लोळ. गिअरबॉक्स सीमलेस असल्यामुळं गिअर बदलताना आवाज तुटतच नाही, आपल्या गाड्यांचा तो मधला खटका नाहीच, सलग चढत जातो आवाज. आणि हजार सीसीची १५७ किलोची गाडी सरळ रस्त्यावरून येऊन ब्रेक मारते तेव्हा रायडर आतल्या बाजूचा पाय सोडून देतो, हवेत लोंबतो तो पाय, इटलीचा जुना चॅम्पियन व्हॅलेंटिनो रॉसीनं २००५ च्या आसपास सुरू केलेली सवय आता सगळ्यांना लागलीय. मागचं चाक किती वळवळतं ते समोरून बघितल्याशिवाय पटत नाही. चोर्ला घाटात, आंबोलीत रविवारी जाऊन स्वतःला रायडर म्हणवणाऱ्या आम्हा सगळ्यांनी हे एकदा तरी बघायला पाहिजे. सेशन संपल्यावर रायडर स्टार्टची प्रॅक्टिस करतात, तीपण बघा, पोरं उठून निघून जातात खरं ते सगळ्यात भारी असतंय.

आता जागेबद्दल. सर्किट १९९९ ला सुरू झालं, हर्मान टिल्केचं डिझाईन, साडेपाच किलोमीटरचा ट्रॅक, पंधरा टर्न. याची खासियत अशी की दोन लांब सरळ रस्ते एकमेकांशेजारी आहेत आणि मेन ग्रँडस्टँड बरोबर त्यांच्या मधोमध, एका बाजूनं पिट, दुसऱ्या बाजूनं मागचा स्ट्रेट, आणि टोकाला पंधरावा टर्न वळसा घालून येतो. मी त्या शेवटच्या टर्नच्या अंगाला सीट घेतली होती. गाड्या मागून येतात, ब्रेक, वळसा, पुन्हा समोरून सुसाट. मेन ग्रँडस्टँडला छप्पर आहे, आणि हे सेपांगमध्ये फार महत्त्वाचं आहे कारण सकाळी ऊन असं की शर्ट अंगाला चिकटतो आणि दुपारी कधी आभाळ फुटेल सांगता येत नाही. उघड्यावरची तिकिटं बरीच स्वस्त पडतात, तरुण पोरांनी ती घेतली तरी चालेल खरं रेनकोट, टोपी आणि इअरप्लग बॅगेत पाहिजेतच. इअरप्लगचं मनावर घ्या, लहान पोरं बरोबर असतील तर जास्तच.

जायचं कसं? मी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री बसून बेंगळूरला गेलो, तिथून विमानानं साधारण चार तास. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बेंगळूरला विमान आहे ते घेतलं तरी चालतं. मलेशियाला आपल्या लोकांना सध्या व्हिसा लागत नाही, डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत माफ केलाय, मुदत २०२६ अखेरपर्यंत आहे, तरी निघायच्या आधी एकदा बघून घ्या. डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाईन भरावं लागतं, ते विसरलात तर इमिग्रेशनला तिथंच उभं राहून भरत बसाल. सर्किट एअरपोर्टच्या अगदी जवळ आहे, गाडीनं दहा-पंधरा मिनिटं. त्यामुळं राहायचं तिथंच जवळ की शहरात हा प्रश्न पडतो. मी शहरात, केएल सेंट्रल या क्वालालंपूरच्या मोठ्या रेल्वे स्टेशनजवळ, ब्रिकफील्ड्समध्ये राहिलो आणि परत गेलो तर तिथंच राहीन. एअरपोर्टवरून केएल सेंट्रलला एक्सप्रेस ट्रेन २८ मिनिटांत पोचवते, तेव्हा तिकीट ५५ रिंगिट होतं, म्हणजे आपले हजारच्या वर (रिंगिट १९ रुपयांच्या आसपास होता), बस त्याहून खूप स्वस्त.

ब्रिकफील्ड्स म्हणजे तिथलं लिटल इंडिया, बहुतेक तमिळ लोक. आणि दिवाळी! घरात आई नाराज होती, शेजारचा मित्र तर म्हणाला, काय बे, दिवाळी सोडून कुठं जाऊलास, आणि तिकडं पोचलो तर ३१ ऑक्टोबरला त्यांची सरकारी सुट्टी, रस्त्यावर रांगोळ्या, कमानी, फुलांचे ढीग. आमच्या गल्लीत पोरं किल्ल्यावर मावळे मांडत असतील त्याच वेळी मी परदेशात केळीच्या पानावर सांबार-भात खात बसलो होतो, आणि वाढणारा माणूस पुन्हा पुन्हा घे घे म्हणत होता. शाकाहारी लोकांनी जेवणाची काळजी करू नका. रोटी चनाई (आपल्या पराठ्यासारखी) डाळीबरोबर मिळते, वर तेह तारिक म्हणजे तिथला दुधाचा चहा, दिवस निघतो. नासी लमाक हा नारळाच्या दुधातला भात शाकाहारी समजून घेऊ नका, त्यात सुके मासे असतात. सर्किटमधल्या स्टॉलवर मात्र पाणी आणि खाणं महागच, सकाळी पोटभर खाऊन जावा.

शनिवारी स्प्रिंट. २०२३ पासून प्रत्येक शनिवारी ही निम्म्या अंतराची रेस असते, जिंकणाऱ्याला १२ पॉईंट. मी रॉसीचा माणूस, म्हणून त्याच्या अकॅडमीतल्या पेको बानियायाच्या बाजूनं. सकाळी त्यानं १:५६.३३७ ची सगळ्यात वेगवान लॅप मारून पोल, म्हणजे रेस सुरू होतानाची पहिली जागा, मिळवली, सगळं स्टँड उभं राहिलं. दुपारी चॅम्पियनशिपमध्ये पुढं असलेल्या मार्टिनच्या मागं लागलेला असताना नवव्या टर्नला पडला. स्क्रीनवर ते दिसल्यावर माझ्या शेजारच्या इंडोनेशियाच्या दोघांनी आणि मी एकदमच डोक्याला हात लावला. भाषा एकमेकांची येत नव्हती, त्यानंतर मात्र तीन दिवसांची ओळख असल्यासारखे आम्ही एकत्रच बसलो.

रविवारची रेस पहिल्याच लॅपला दुसऱ्या टर्नवर थांबली, मिलर, क्वार्टारारो आणि बाईंडर एकमेकांत अडकून पडले. लाल झेंडा. तेवढा वेळ स्टँडमध्ये कुणी बोलत नव्हतं. इथल्या अकराव्या टर्नवर २३ ऑक्टोबर २०११ ला इटलीचा रायडर मार्को सिमोनचेली अपघातात गेला, ती रेस मी घरी टीव्हीवर बघितली होती, त्याच्या ५८ नंबरचे टीशर्ट अजून लोक घालून येतात, त्यामुळं सेपांगला असा लाल झेंडा दिसला की काळजात चर्र होतं. मिलर उठून उभा राहिल्यावर जो टाळ्यांचा आवाज झाला तो मी विसरणार नाही. १९ लॅपची रेस पुन्हा सुरू झाली आणि पहिले दोन-तीन लॅप बानियाया आणि मार्टिन यांनी जे केलं, एक पुढं, लगेच दुसरा पुढं, पुन्हा पहिला, चॅम्पियनशिप पणाला लागलेली असताना दोघांपैकी एकानंही हात आखडता घेतला नाही. पेको हळूहळू निसटला आणि जिंकला, मार्टिन दुसरा, बास्तियानिनी तिसरा. तरी मार्टिनची आघाडी २४ पॉईंटची राहिली आणि पुढं तोच चॅम्पियन झाला. तो चांगला चालवत होता, त्याचं त्याला मिळालं.

आपल्याकडं २०२३ ला ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली, बेझेकी जिंकला, पुढच्या वर्षीची रद्द झाली. चालू राहिली असती तर फार बरं झालं असतं, गाड्यांचे पार्ट आमच्या भागात बनतात, गाडीवेडी पोरं आमच्या भागात आहेत, आणि रेस बघायला समुद्र ओलांडावा लागतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. खरं जोपर्यंत ती परत येत नाही तोपर्यंत आपल्यासाठी सेपांगच बरं. युरोपला जायचं म्हणजे शेंगेन व्हिसाची वाट बघण्यातच जीव जातो.

परतीचं एक सांगतो. रविवारी रेस संपल्यावर सगळे एकदम बाहेर पडतात, रस्ता भरतो, अ‍ॅपवरची टॅक्सी एक तर मिळत नाही नाही तर दुप्पट भाडं मागते. रेसच्या दिवसांत शटल बस असतात, जाता-येतानाचं तिकीट आधीच काढून ठेवा. आणि एअरपोर्ट जवळ आहे म्हणून रविवारी रात्रीचं विमान धरू नका, सोमवारचं घ्या. रेस संपल्यावर घाईनं उठू नका, पोडियम बघा, जिंकलेला रायडर कूल-डाऊन लॅपला (रेसनंतरच्या सावकाश फेरीला) लोकांजवळ येऊन गाडी थांबवतो ते बघा, आणि गर्दी ओसरली की मग निवांत निघा.