मोर्चाची छायाचित्रे आणि आपोआप वर्णन लिहिणारे ॲप

छायाचित्र पाहू न शकणाऱ्या वाचकाला ते शब्दांत कळावे, यासाठी वर्णन आपोआप लिहून देणारी बरीच ॲप आता मिळतात. फेसबुकने २०१६ साली अशी सोय आणली तेव्हा चित्रातल्या वस्तूंची नुसती यादी ऐकू येई. मी वापरून पाहिलेले ॲप मात्र मराठीत पूर्ण आणि बहुतांशी शुद्ध वाक्ये लिहिते. त्याची परीक्षा घेण्यासाठी मी मार्च २०१८ च्या किसान लाँग मार्चची, म्हणजे नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांची, माझ्या संग्रहातील छायाचित्रे निवडली.

दुरून घेतलेली दृश्ये त्याला उत्तम जमतात. कसारा घाटातल्या छायाचित्राचे ‘वळणाच्या डोंगरी रस्त्यावरून लाल झेंडे घेऊन निघालेली माणसांची लांब रांग’ हे वर्णन मला बदलावेसे वाटले नाही. जवळून टिपलेल्या तळव्यांच्या बाबतीत मात्र ‘जमिनीवर बसलेल्या व्यक्तीचे धुळीने माखलेले पाय’ एवढेच आले. त्या पायांवरचे फोड आणि भेगा, ज्यांच्यासाठी मी कॅमेरा खाली नेला होता, त्या गाळल्या गेल्या. सोमय्या मैदानाहून आझाद मैदानाकडे निघालेल्या रात्रीच्या रांगेचे वर्णन ‘अंधाऱ्या रस्त्यावरील गर्दी’ असे झाले. दहावीच्या परीक्षार्थींचा सकाळी खोळंबा होऊ नये म्हणून ही माणसे रात्रीच चालत निघाली होती, हे चित्रात दिसत नाही, त्यामुळे त्याचा दोष मी ॲपला देणार नाही. ते छायाचित्रकारानेच लिहायचे असते.

खरी तक्रार फलकांविषयी आहे. ताठ फलकावरची देवनागरी अक्षरे ते बिनचूक वाचते, परंतु कापड दुमडलेले किंवा वाऱ्याने फुगलेले असले, तर ‘मजकूर वाचता येत नाही’ असे सांगण्याऐवजी ते एखादे गुळगुळीत वाक्य रचून मोकळे होते. वनजमिनी कसणाऱ्यांच्या नावावर करा, ही २००६ च्या वनहक्क कायद्यावर आधारलेली मागणी मांडणारे कापड त्याने ‘वनसंवर्धनाचा संदेश देणारा फलक’ ठरवले. ऐकणाऱ्याला पडताळण्याचा मार्ग नसताना मोर्चाची मागणीच उलटीपालटी होणे, यापेक्षा वर्णन नसलेले परवडले. शिवाय वाक्य इतके आत्मविश्वासाने येते की डोळस संपादकाच्याही नजरेतून ते सुटावे.

चेहऱ्यांवरून नावे सांगण्याचे ते टाळते आणि आंदोलकांच्या दृष्टीने हा मोठाच गुण आहे. तरीही प्रत्येक चित्र वर्णनासाठी कंपनीच्या सर्व्हरवर जाते, आणि चित्रासोबतची स्थळाची नोंद काढून टाकण्याची सोय ॲपमध्ये मला आढळली नाही. ती आधी स्वतः पुसावी लागते. म्हणून नुकत्याच निघालेल्या मोर्चाची छायाचित्रे मी त्यावर चढवत नाही. पूर्वी प्रसिद्ध झालेल्या चित्रांचा कच्चा मसुदा मात्र त्याच्याकडून करून घेतो, आणि फलकांची ओळ प्रत्येक वेळी हाताने लिहितो.