चिकटवायचे हुक भाड्याच्या रूममध्ये ११ महिने वापरले: घटाच्या माळेपासून डिपॉझिटपर्यंत

परवा लातूरची रूम सोडली. सामान टेम्पोत चढल्यावर घरमालक काका भिंतीभिंतीवरून हात फिरवत हिंडले आणि दहा हजाराच्या डिपॉझिटमधले बाराशे कापून बाकीचे हातात दिले, चार ठिकाणी रंगाचे पोपडे निघालेत म्हणून. अकरा महिन्यांत मी एक खिळा ठोकला नाही. जे काय लावलं ते सगळं चिकटवायच्या हुकांवर, भोक नाही डाग नाही म्हणून विकतात ते. भोक पडलं नाही हे खरंय, डागाचं सविस्तर सांगते कारण बाराशे रुपये आमच्यासाठी थोडे नाहीत, गेल्या वर्षी सोयाबीन अख्खं पाण्यात गेलंय.

आम्ही लातूरला आलो ते पोरीच्या अकरावीसाठी. ती, मी आणि एक वन बीएचके, हे गावाकडं शेतावर. जुलैमध्ये करार केला तेव्हाच काकांनी सांगितलं होतं, "ताई, खिळा ठोकायचा नाही बरं का, भिंत फुटती." क्लासच्या पोरांना रूमा देऊन देऊन त्यांच्या भिंती चाळणी झालेल्या, त्यामुळं त्यांचंही चूक नव्हतं. मग मी दोन प्रकारचे हुक आणले. एक ते पारदर्शक, बाजारात पाकिटात दहा मिळतात, मागचा कागद काढायचा आणि दाबायचा. दुसरे जरा महाग, चाराचं पाकीट, त्याला वेगळी पांढरी ताणायची पट्टी येते आणि खाली तिची एक बारीक शेपटी बाहेर राहते, काढताना ती धरून ओढायची. दुकानदार म्हणाला दोन्ही सारखेच आहेत. अजिबात सारखे नाहीत, फरक मला परवा भिंत बघून कळला.

सुरुवातीचे दोन महिने काहीच तक्रार नव्हती. टाइमटेबल, पिरियॉडिक टेबलचा चार्ट, कॅलेंडर, किल्ल्या, सगळं जागच्या जागी. मी दोन मैत्रिणींना घ्यायला लावले एवढी खूश होते.

मग सप्टेंबर आला. २०२५ चा सप्टेंबर मराठवाड्यात कसा गेला ते सगळ्यांना माहितीय. मांजरा नदीला पूर, गावाकडच्या घरात ओल, भिंतीला हात लावला की माती हाताला यायची, म्हणून ह्यांनी आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आमच्याकडं आणून सोडलं आणि घट पहिल्यांदाच भाड्याच्या रूममध्ये बसला. शेतातली काळी माती, पाच धान्यं आणि घटाच्या मागं भिंतीवर आत्यांचं जुनं इरकल लुगडं पडद्यासारखं, काठ वर येईल असं. ते लुगडं मी मास्किंग टेपनं लावलं, रंगाच्या दुकानात कागदी टेप मिळते ती. घटावर माळा सोडायला दोन बाजूंना दोन महागातले हुक लावून मध्ये दोरी ताणून बांधली. भिंत तेव्हा अशी दिसत होती की आत्या दिवसातनं चार वेळा समोर येऊन बसायच्या. बाहेर पाऊस पडायला आणि आत पिवळ्या तरवडाची माळ, मागं जांभळं इरकल, खाली अखंड दिवा. परक्या घरात आपलं नवरात्र बसलं असं मला त्या दिवशी वाटलं, म्हणून तर एवढं लिहायलेय.

त्या वर्षी तिथी वाढली होती, नवरात्र दहा दिवसांचं. रोज एक माळ, कधी तरवडाची, कधी झेंडूची, एक विड्याच्या पानांची, आणि जुनी काढायची नसते, त्यामुळं वजन रोज वाढत जातं. सातव्या माळेला कडाकण्यांचा फुलोरा बांधला. २९ तारखेला आठवी माळ झाली, वरून पाणी शिंपडलं, आणि रात्री अकराच्या सुमारास डावा हुक सुटला. सगळ्या माळा उजवीकडं झोका खाऊन खाली आल्या. दिव्यापासून चार बोटं लांब. चार बोटं. इरकलाचा पदर त्याच बाजूला होता.

आत्या ओरडून उठल्या. "अगं दिव्यावर पडलं असतं म्हणजे?" त्या औसा तालुक्यातल्या, किल्लारीचा भूकंप त्यांनी बघितलेला. १९९३ ची ३० सप्टेंबर, गणपती बुडवून माणसं झोपली होती आणि पहाटे दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. दरवर्षी त्या रात्री त्या नीट झोपत नाहीत, आणि नेमकी तीच रात्र होती. चार वाजून गेल्यावर त्यांनी पाठ टेकली, तोवर मी शेजारी बसून होते. आमच्या घरात उशाच्या वर आजही फ्रेम लावत नाहीत, का ते कुणी विचारत नाही.

सकाळी पडलेला हुक उलटा करून बघितला. मागच्या पांढऱ्या पट्टीवर पिवळसर रंगाचा पातळ पापुद्रा अख्खाच्या अख्खा चिकटून आला होता, रुपयाच्या नाण्याएवढा, आणि त्याच्या पाठीला चुन्यासारखी भुकटी. बोटानं पुसली की बोट पांढरं. भिंतीवर तेवढाच पांढरा डाग.

नोव्हेंबरमध्ये मी हा अनुभव लिहायला घेतला होता, तेव्हाचं वाक्य असं होतं की हे हुक फसवणूक आहेत, कुणी घेऊ नका, एक किलोचा म्हणून विकतात आणि सहाशे ग्रॅमला पडतो. सहाशे ग्रॅम मी अंदाजानं नाही म्हणत, माळा आणि फुलोरा मिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला होता, सहाशे दहा भरला. ते वाक्य मी आता मागं घेते. पूर्ण नाही, पण बरंचसं.

कारण एक म्हणजे पोरगी. तिनं वहीत आकृती काढून दाखवली की मम्मी, तू दोरी तारेसारखी ताणून बांधलीस तिथंच घोळ झाला. दोरी जेवढी सपाट तेवढा हुकावर ओढ जास्त. दोन्हीकडं दहा अंशाचा उतार धरला तर सहाशे ग्रॅमला एकेका हुकावर पावणेदोन किलोच्या घरात ताण येतो, आणि तीच दोरी ढिली सोडून पंचेचाळीस अंश केली तर सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. शिवाय हुकाचं वजन लिहिलेलं असतं ते सरळ खाली लोंबणाऱ्या वस्तूचं, माझी दोरी त्याला आडवं ओढत होती. एक किलोच्या हुकाकडून मी पावणेदोन किलोचं काम घेत होते. पाकिटावर हे कुठंच नाही. मराठीत तर एक ओळ नाही, इंग्रजीत आहे ते एवढं बारीक की चष्मा लावूनही वाचता येईना.

दुसरं कारण भिंत. गोंद सुटलाच नव्हता, भिंतीचा रंग सुटला होता. आपल्याकडच्या भाड्याच्या रूमांना बहुतेक डिस्टेंपर असतो, तोही स्वस्तातला, खाली जुना चुना तसाच. तो भिंतीला जेवढा धरून असतो त्यापेक्षा पट्टी त्याला जास्त धरते, मग वजन आलं की पट्टी रंगाला घेऊनच खाली येते. त्यात त्या महिन्यात भिंती ओल्या. त्यामुळं हुक घ्यायच्या आधी तळहात भिंतीवर जोरात घासून बघा. हाताला पांढरं लागलं तर त्या भिंतीवर कागदापेक्षा जड काही चिकटवू नका, कितीही भारी हुक असू द्या. हाताला काही लागलं नाही तरी कोपऱ्यात सेलोटेपचा तुकडा दाबून लावा आणि झटक्यात काढा, रंग आला तर कळलंच.

त्याच रूममध्ये स्वयंपाकघराच्या टाइलवर लावलेले सहा हुक अकरा महिन्यांत हललेसुद्धा नाहीत, उलथनं, झारा, चाळणी, सगळं रोजचं. सनमायकाच्या दारावर आंब्याच्या पानांचं तोरण लावलं, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत पाचसहा वेळा बदललं, काही झालं नाही. आणि आठव्या माळेनंतर मी दोरी कडप्प्याच्या फळीवरून पलीकडं सोडून वर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला आणि खाली माळा बांधल्या, बसलेला घट हलवता येत नाही म्हणून दिवा तेवढा बाजूला घेतला. शेवटपर्यंत टिकलं. हे पहिल्या दिवशीच सुचायला पाहिजे होतं. एक गोष्ट मात्र पक्की सांगते, चिकटवलेल्या कुठल्याही वस्तूखाली जळता दिवा ठेवू नका. गोंद आधी सांगून सुटत नाही.

आता त्या शेपटीबद्दल, कारण माझा खरा राग तिच्यावर आहे. ताणायच्या पट्टीची सगळी करामत त्या अर्ध्या इंचाच्या शेपटीत असते. ती धरून भिंतीला चिकटून सरळ खाली ओढायची, अगदी सावकाश, रबरासारखी वीत-दीड वीत लांब होते, पातळ होत जाते आणि भिंतीवरून आपोआप सुटते, रंगाला धक्का नाही. स्वतःकडं ओढली की संपलं, रंग घेऊनच येते. हे नीट जमलं तर खरंच सुंदर काम आहे, पोरीच्या चार्टचे दोन हुक मी असे काढले आणि भिंत बघून मलाच पटेना की इथं काही लावलं होतं. पण ती शेपटी बाहेर लोंबताना वाईट दिसते म्हणून लावतानाच लोक आत दुमडतात, मीही एका हुकाची दुमडली, कॅलेंडरच्या. मे महिन्यात ती काढायला गेले तर नखात येईना, आली तर तुटली. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीवर कंपन्यांनी ठळक लाल अक्षरात लिहायला नको का की ही दुमडू नका, कापू नका? आणि नुसत्या पट्ट्यांचं पाकीट लातुरात मला चार दुकानं फिरून मिळालं नाही. हुक धडधाकट, पट्टी एकदाच वापरायची, म्हणजे परत लावायचं तर परत हुकांसकट घ्या. माझ्या डब्यात असे नऊ हुक पडून आहेत, पट्टीवाचून.

तुटलेल्या शेपटीवर उपाय शेजारच्या काकूंनी सांगितला तो चांगला आहे. हुकाच्या मागून जाड दोरा घालायचा आणि करवतीसारखा इकडून तिकडं ओढत खाली यायचं, आधी हेअर ड्रायरनं थोडं गरम करायचं. हुक निघतो, राहिलेला गोंद बोटानं गोळ्या गोळ्या करून काढायचा. खोबरेल तेल टाइलवर चालतं, भिंतीवर लावू नका, वरून रंग दिला तरी तेलाचा डाग वर येतो. मी ड्रायर न लावता आधी चाकू घातला, तिथं एक पोपडा गेला. दोन पोपडे त्या पारदर्शक हुकांनी नेले, त्यांना शेपटी नसतेच, उपटण्यावाचून इलाज नाही, म्हणून भिंतीसाठी ते घेऊच नका, टाइलला घ्या. चौथा नवरात्राचा. असे बाराशे.

मास्किंग टेपचं थोडक्यात. इरकल दसऱ्याला काढलं तेव्हा टेप अलगद निघाली. दिवाळीत त्याच टेपनं लायटिंगची माळ भिंतीला लावली, ती काढायचं राहून गेलं आणि एप्रिलमध्ये कागद हातात आला, गोंद भिंतीवर राहिला, त्यावर धूळ बसून काळी रेघ. दोन आठवड्यांत काढली तर यासारखी स्वस्त वस्तू नाही. उन्हाळ्यात हुकांचंही तेच, माझ्या पाकिटावर ४० अंशांपर्यंतच म्हटलंय आणि आमची पश्चिमेची भिंत संध्याकाळी हात ठेवू देत नव्हती. तिथली पट्टी मऊ पडून हुक बोटभर खाली घसरत आला होता, पडायच्या आत दिसला म्हणून बरं.

काकांशी मी भांडले नाही. पापुद्रा दाखवला, भिंतीची भुकटी दाखवली, ते म्हणाले, "ताई, मला पेंटरला द्यावेच लागतेत की." बरोबर आहे. पण रूम सोडायच्या आधी आठ दिवस मला वेळ होता, लांबीचं, म्हणजे भिंत भरायच्या पुट्टीचं, छोटं पाकीट आणून चार ठिकाणी भरून, वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासून, निघालेला पोपडा दुकानात नेऊन त्या रंगाचा थोडा डिस्टेंपर मिळवून लावला असता तर दोनशेत भागलं असतं. ही माहिती मला टेम्पोवाल्यानं सामान चढवता चढवता दिली.

नवीन रूम जवळच आहे, पोरीची बारावी तिथंच होईल. भिंतीला ऑइल पेंट आहे, तळहात घासून बघितला, स्वच्छ निघाला. सेलोटेपही लावून बघितली. यंदा अधिक ज्येष्ठ आलाय म्हणून घट ऑक्टोबरात बसतील, तोवर नुसत्या पट्ट्या कुणाला लातुरात मिळाल्या तर दुकान सांगा, नऊ हुक तयार आहेत. आत्या येणार आहेत. लुगडं त्यांनी आत्ताच धुवून ठेवलंय.